घरी बनवलेल्या बॉक्समधले जुने रिबन स्पीकर विकायचे असतील तर

पहिली जोडी विकायला काढली तेव्हा मी ओळखीच्या मंडळींना व्हॉट्सॲपवर लिहिलं, "रिबन स्पीकर, घरी बनवलेल्या पेटीसकट, विकणे आहे." तासाभरात रामबागेतल्या एका काकांचा फोन. "पेटी किती सप्तकांची? आणि रीड जर्मन आहेत की पालिताण्याचे?" इंदूरच्या मराठी घरांत पेटी म्हणजे हार्मोनियम, दुसरं काही नाही, हे मी विसरलो होतो. तेव्हापासून मी 'बॉक्स' म्हणतो. इथेही तेच म्हणेन.

फोन चुकून आला खरा, पण काकांचे प्रश्न अगदी बरोबर होते. बनवली कोणी, आत माल कसला, सूर कुठून आणले. घरी बनवलेल्या स्पीकरचं गिऱ्हाईकही हेच विचारतं. कंपनीच्या स्पीकरला मागे चिकटवलेली पट्टी परस्पर उत्तर देते. आपल्या बॉक्सला ती नाही, त्यामुळे उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. पुढचं सगळं त्या उत्तराची तयारी समजा.

आपल्याकडे नक्की काय आहे ते आधी ठरवा

'रिबन' या नावाखाली तीन-चार वेगळ्या वस्तू फिरतात. विकणाऱ्यालाच फरक माहीत नसला तर जाणकार गिऱ्हाईक दोन मिनिटांत उठून जातं.

खरी रिबन म्हणजे दोन चुंबकांमधल्या अरुंद फटीत टांगलेली, बारीक चुण्या घातलेली ॲल्युमिनियमची पट्टी. वीज तिच्यातूनच वाहते आणि हलतेही तीच. तारेचं वेगळं वेटोळं (कॉइल) नाही, पुढे-मागे हलणारा शंकू (कोन) नाही. पट्टीची जाडी मोजक्या मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे अंदाज घ्या. १९२० च्या दशकात जर्मनीत सीमेन्समध्ये वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख यांनी ही रचना केली, आणि तीच उलटी वापरली की रिबन मायक्रोफोन होतो. एवढ्याशा पट्टीचा रेझिस्टन्स ओहमच्या छोट्या अंशाइतका, त्यामुळे ॲम्प्लिफायरला ती थेट जोडता येत नाही. मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो बहुधा ट्वीटरच्या (म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या; इथे रिबन हाच ट्वीटर) पाठीवरच बसवलेला असतो.

दुसरा प्रकार प्लेनर. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमची नागमोडी वाट चिकटवलेली आणि पाठीमागे चुंबकांच्या रांगा. मॅग्नेपॅन कंपनीच्या पॅनेल स्पीकरमधल्या 'क्वासी-रिबन' याच घराण्यातल्या. त्यांच्या मोठ्या मॉडेलांत मात्र खरी रिबन ट्वीटरही असते. तिसरा ओस्कार हाइल यांचा एअर मोशन ट्रान्सफॉर्मर. त्याची फिल्म पेटीच्या (आता हार्मोनियमच्या!) भात्यासारखी घड्या घालून बसवलेली असते. चौथा इलेक्ट्रोस्टॅटिक, क्वाड कंपनीच्या १९५७ च्या स्पीकरसारखा. त्याला भिंतीतल्या सॉकेटमधून वीज द्यावी लागते. साध्या, ॲम्प्लिफायरवर चालणाऱ्या जोडीच्या मागून प्लगची वायर निघत असेल तर ती रिबन नव्हे, कोणी काही म्हणो.

ओळखायला जेल रोडवर मिळणारा साधा डिजिटल मीटर पुरतो. ट्वीटरच्या वायरी क्रॉसओव्हरपासून (वरचे सूर ट्वीटरकडे आणि खालचे वूफरकडे वाटून देणाऱ्या सर्किटपासून) सोडवा (नाहीतर मधला कपॅसिटर मीटरला वाटच देणार नाही) आणि ओहम मोजा. प्लेनर असेल तर ३ ते ७ ओहमच्या आसपास काहीतरी नीट आकडा दिसतो. ट्रान्सफॉर्मरवाली खरी रिबन असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. नवखा माणूस तो शून्य बघून "शॉर्ट झाली" म्हणतो आणि चांगली वस्तू भंगारात काढतो. तो शून्य ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा आहे. तेव्हा जाहिरातीतच लिहून टाका: "मीटरवर शून्याजवळ दिसेल, हे बरोबर आहे."

आणि मीटर सोडून दुसरं काही लावू नका. वूफरची (खालचे सूर वाजवणाऱ्या, कोनवाल्या भागाची) दिशा बघायला आपण दीड व्होल्टचा सेल टेकवतो, कोन पुढे आला की लाल टोक कळतं. ही युक्ती रिबनवर कधीही करायची नाही. सेल टेकवताना आणि काढताना बसणारा झटका पट्टी ताणू किंवा तोडू शकतो. मी हे वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं.

तपासणी: कान शेवटी, डोळे आधी

रिबन बघताना टॉर्च समोरून नको, बाजूने तिरका धरा. चुण्या वरपासून खालपर्यंत सारख्या दिसल्या पाहिजेत. मधे पोट सुटलं असेल, पट्टी एका चुंबकाला चिकटू बघत असेल, किंवा वरच्या चुण्या ताणल्या जाऊन खालच्या गोळा झाल्या असतील तर ती सैल पडली आहे. वर्षानुवर्षं आडव्या ठेवलेल्या स्पीकरांत हे हमखास दिसतं. सैल पट्टी वाजते, पण मोठ्या आवाजात फरफरते.

धूळ दिसली तरी फुंकर मारायची नाही. ब्लोअर नाही, व्हॅक्यूम नाही, ओलं फडकं तर नाहीच. जाळीच्या बाहेरून मऊ ब्रश फिरवा आणि तेवढ्यावर थांबा. उरलेल्या धुळीसकट फोटो काढलेला परवडतो. मी एका पाहुण्याला रिबन दाखवत होतो तेव्हा त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाने मेणबत्ती विझवावी तशी फुंकर घातली. जाळी होती म्हणून वाचलो.

लोखंडाचा कीस हा रिबनचा दुसरा शत्रू. निओडिमियम चुंबक इतका जोरकस असतो की जवळ ड्रिल चालवलं तर कीस उडून थेट फटीत जाऊन बसतो आणि पट्टी त्यावर घासत राहते. बॉक्सला भोक पाडायचं असेल, कोपरा घासायचा असेल, तर आधी ट्वीटर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. स्टीलचा स्क्रूड्रायव्हरही हातातून खेचला जातो. पट्टीत घुसला की खेळ संपला. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत पितळी स्क्रू मिळतात, ते वापरा. ट्वीटर काढताना एका हाताने जाळीवर पुठ्ठा धरून ठेवायचा.

वूफर तपासणं सोपं. कोनाभोवतीची कड फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबून बघा. जुना फोम चुऱ्यासारखा सुटतो. रबराची कड सहसा टिकते. पाचही बोटं पसरून कोन समान दाबाने थोडा आत ढकलला आणि आत खरखर लागली तर कॉइल घासते आहे.

मग आवाज. फोनमधून २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा स्वर हळू आवाजात लावा आणि कुठे काय थरथरतं ते ऐका. निम्म्या वेळा स्पीकर निर्दोष असतो आणि कपाटावरची वाटी वाजत असते. नंतर एकच मोनो रेकॉर्डिंग डाव्या-उजव्या बाजूला आलटून पालटून लावा. दोन्ही सारखे यायला हवेत. एक रिबन मंद असेल तर वायरी अदलाबदल करून बघा. दोष वायरीबरोबर सरकला तर तो ॲम्प्लिफायरचा, जागेवरच राहिला तर स्पीकरचा.

बॉक्सबद्दल खरं बोला

बॉक्स घरी बनवला याची लाज वाटायचं कारण नाही, पण अभिमानाने आकडे फुगवायचंही नाही. सगळ्यात जास्त गफलत लिटरमध्ये होते. माझ्या बॉक्सचं उदाहरण घ्या: बाहेरून ८० सेंमी उंच, २५ रुंद, ३० खोल. गुणाकार करून हजाराने भागलं की ६० लिटर. बरेच जण हाच आकडा लिहितात. पण प्लाय १८ मिलिमीटरचा आहे, म्हणून प्रत्येक मापातून ३.६ सेंमी वजा. आत उरलं ७६.४ × २१.४ × २६.४, म्हणजे सुमारे ४३ लिटर. त्यातून आतल्या आडव्या पट्ट्या, वूफरचा चुंबक, पोर्टची नळी (बॉक्समधली हवा जिथून बाहेर येते ती) गेली की ४० च्या आसपास. साठ आणि चाळीस! उद्या गिऱ्हाइकाने वूफर बदलायचं ठरवलं आणि तुमच्या साठवर हिशोब केला, तर त्याचा बेस बिघडणार आणि शिव्या तुम्हाला पडणार.

लाकूड काय ते नेमकं सांगा. एमडीएफ, मरीन प्लाय, कमर्शियल प्लाय आणि ब्लॉकबोर्ड या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मिस्त्रीने "एक नंबर प्लाय लावला भिया" म्हटलं असेल, पण माईका लावल्यावर आत काय आहे हे कोणालाच दिसत नाही. वूफर काढा आणि कापलेल्या भोकाची कड बघा. एमडीएफ सपाट तपकिरी, भुशासारखा. प्लायचे थर मोजता येतात. ब्लॉकबोर्डमध्ये लाकडाच्या जाड पट्ट्या आणि मधे फटी दिसतात. स्पीकरसाठी तो वाईट, कारण त्या फटी स्वतःचा सूर लावतात. त्या कडेचा फोटो जाहिरातीत टाका. माझ्या अनुभवात गिऱ्हाइकाचा विश्वास सगळ्यात जास्त या एका फोटोने बसतो, पॉलिशच्या चकाकीने नाही.

एमडीएफचा बॉक्स असेल तर तळ तपासा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये फरशी पुसून ओली राहिली की एमडीएफ खालून पाणी पितो आणि फुगतो. एकदा फुगलेला परत बसत नाही. फुगवटा असेल तर तो दाखवा, वर पट्टी ठोकून लपवू नका.

गळती शोधायची घरगुती रीत: ४०-५० हर्ट्झचा स्वर बेताच्या आवाजात लावा आणि सांध्यांजवळून पेटती उदबत्ती फिरवा. धुराची रेघ जिथे सरळ न जाता थरथरते तिथे फट. पोर्टजवळ थरथरणारच, ते सोडा. ट्वीटरच्या जवळ उदबत्ती न्यायची नाही, हे वेगळं सांगायला नको. फट सापडली तर आतून फेविकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून भरा, दोन दिवस वाळू द्या.

वही

या जोडीबरोबर एक वही द्या. दहा रुपयांची चालेल. तिच्यात क्रॉसओव्हरचं चित्र, हाताने काढलेलं असलं तरी हरकत नाही, पण कपॅसिटर आणि कॉइलचे आकडे स्वच्छ. रिबन कुठल्या फ्रीक्वेन्सीपासून वर चालते आणि उतार किती (म्हणजे त्याखालचे सूर किती झपाट्याने कमी होतात), हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन-तीन इंची रिबनला ३ किलोहर्ट्झच्या खालचं काम देऊ नये, आणि उतारही ऑक्टेव्हला (सप्तकाला) १८ डेसिबलइतका तरी कडक हवा. खालचे सूर पट्टीत शिरले तर ती इतकी हलते की फाटते. कोणी हौशी माणूस "कॉइल काढली की आवाज मोकळा होईल" म्हणून क्रॉसओव्हर उघडणारच. वहीत लाल शाईने लिहून ठेवा की इथे हात लावू नये.

ट्वीटर कधी घेतला, पट्टी कधी बदलली, पावती असेल तर तिचा फोटो, आतला कापूस कुठला, हे सगळं त्यातच. ओहम किती ते ठळक लिहा. रिबन म्हटलं की काही जुन्या मोठ्या पॅनेलांची आठवण निघते; अमेरिकेच्या ॲपोजी कंपनीचं सिंटिला मॉडेल १ ओहमपर्यंत चालायचं, साध्या ॲम्प्लिफायरचा त्याने घाम काढला. तुमची जोडी तशी नसेल तर ते कळलेलं बरं.

किंमत

इथे हात आखडता घ्या. बॉक्सवर ओतलेले पैसे परत येत नाहीत. मिस्त्रीची मजुरी, सागाचं व्हीनियर, तीन हात मेलामाइन पॉलिश, हे सगळं तुमच्या आवडीचं होतं. घेणाऱ्याच्या दिवाणखान्याचा रंग वेगळा असतो.

माझी रीत अशी. तोच ट्वीटर आज नवा केवढ्याला मिळतो ते बघायचं आणि निम्मे धरायचे. वूफर रबरी कडेचा आणि धडधाकट असेल तर त्याचेही निम्मे. क्रॉसओव्हरच्या सामानाचे एक तृतीयांश. बॉक्सचं लाकूड शून्य, फक्त काम सुबक असेल तर वर थोडे. समजा ट्वीटरची नवी जोडी १६,००० ची, वूफर १०,००० चे, क्रॉसओव्हरला ६,००० लागले होते आणि मिस्त्रीला २०,००० दिले. माझा हिशोब: ८,००० अधिक ५,००० अधिक २,००० अधिक बॉक्सचे २,०००; एकूण १७,०००. खर्च ५२,००० झाला होता, हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नाही. घरातही सांगू नये.

ट्वीटरचं मॉडेल आता बनत नसेल तर गणित उलटं होतं. तशी चालू जोडी शोधणारे लोक असतात आणि त्यांना तुमचा बॉक्स नकोच असतो. अशा वेळी ट्वीटर ट्रान्सफॉर्मरसकट वेगळे विकणं फायद्याचं. बॉक्स मग कोणा शिकाऊ पोराला वूफर बसवून द्या.

कोण कोण येतं

जाहिरातीत 'स्पीकर' शब्द दिसला की पहिला फोन लग्नाच्या डीजेवाल्याचा. "भिया, बेस कित्ता मारेगा?" त्याला प्रेमाने, पण लगेच नाही म्हणा. रंगपंचमीच्या गेरेत (मिरवणुकीत) हे स्पीकर गाडीवर चढले तर राजवाड्यापर्यंत पोचायच्या आधी पट्टीच्या चिंध्या होतील. जाहिरातीतच लिहून टाका: "घरात, बसून ऐकण्यासाठी. कार्यक्रमासाठी नाही."

दुसरा प्रकार: न बघता, भाव न करता लगेच पैसे द्यायला तयार असलेला. बहुधा तो स्वतःला फौजी म्हणवतो, बदली झाली म्हणून सामान ट्रकवाला नेईल, आणि पैसे पाठवण्यासाठी तुम्हाला क्यूआर कोड पाठवतो. लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. असा फोन आला की ठेवून द्या, वाद घालू नका.

तिसरा माणूस खरा. तो पहिल्याच फोनवर विचारतो, "ट्रान्सफॉर्मर मूळचा आहे का?" त्याला चहाला बोलवा. नाही, पोह्यांना बोलवा. सकाळ निवडा, रस्त्यावर गाड्या कमी असतात आणि रिबनचं मऊ काम तेव्हाच ऐकू येतं.

ऐकवणं

सौदा इथे होतो किंवा मोडतो, म्हणून इथे घाई करू नका.

रिबनचा एक स्वभाव आहे. पट्टी अरुंद असल्यामुळे आवाज आडवा चांगला पसरतो, पण उंचीने पट्टी लांब असल्यामुळे वर-खाली तो फार पसरत नाही. ५ किलोहर्ट्झच्या सुराची लहर जवळजवळ ७ सेंमीची. पट्टी त्याहून लांब असली की तिथून वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे समोर सरळ जातात. म्हणून कान रिबनच्या उंचीला हवेत. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण १ मीटरवर येतात, आणि बहुतेक स्पीकर याच हिशोबाने बनवलेले असतात.

आता आपल्या घरात कोण सोफ्यावर गाणं ऐकतो? गादी, तक्क्या, मांडी. कान ७५ सेंमीवर. माझ्याकडे आलेले पहिले गृहस्थ गादीवर बसले, दहा मिनिटं शांत ऐकलं आणि म्हणाले, "गोड आहे, पण वरचं काहीतरी झाकल्यासारखं वाटतंय." मी रिबन बिघडली की काय म्हणून घाबरलो. ते जायला उठले आणि उठता उठता अर्ध्यात थांबले, वाकलेलेच. "अहो, इथे तर सगळं उघडं येतंय!" तेव्हा मला अक्कल आली.

उपाय साधा. रिबन स्टँडसकट १ मीटरवर आहे, ऐकणारा अडीच मीटर दूर गादीवर बसला आहे, तर २५ सेंमीचा फरक पडतो. म्हणजे अंतराचा दहावा भाग. बॉक्स ३० सेंमी खोल असेल तर मागच्या कडेखाली ३ सेंमीचा ठोकळा सरकवा, स्पीकर तेवढाच पुढे झुकतो आणि झोत कानावर येतो. बॉक्स स्टँडला पक्का बांधलेला असेल तरच हे करा, आणि घरात रांगणारं मूल असेल तर स्टँड काढून बॉक्स सरळ ठेवा. ठोकळा गिऱ्हाइकासमोर सरकवा, आधी नाही. फरक त्याला स्वतःला ऐकू द्या.

काय लावायचं? चकाचक डेमोच्या सीडी नको, त्या सगळ्याच स्पीकरवर बऱ्या वाजतात. मी तानपुऱ्यापासून सुरुवात करतो, नुसता तानपुरा, दोन मिनिटं. जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, हे रिबनचं खरं माहेर. चांगल्या पट्टीवर जवारीचे कण सुटे सुटे दिसतात, सैल पट्टीवर त्यांची भुकटी होते. मग तबल्याची किनार, मग घुंगरू. त्यानंतर आपल्या इंदूरचे अमीर खाँ. त्यांची मारवा आणि दरबारीची १९६० ची ध्वनिमुद्रिका निघाली त्याला इतकी वर्षं झाली, तरी मंद्रातला तो आवाज वूफरची परीक्षा घेतो आणि श्वासांची सरसर रिबनची. दोन्ही एकाच गळ्यातून आल्यासारखं वाटलं पाहिजे. वरचा अर्धा माणूस पुढे आणि खालचा मागे बसल्यासारखा वाटला तर क्रॉसओव्हरमध्ये गडबड आहे, आणि ती गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला माहीत असायला हवी.

जुन्या रेकॉर्डिंगची खरखर रिबन लपवत नाही. हेही आधी सांगा. देवासहून आलेले एक काका कुमार गंधर्वांची जुनी खासगी मैफल पेन ड्राइव्हवर घेऊन आले होते; पहिला मिनिटभर फक्त टेपचा सुस्कारा ऐकून त्यांचा चेहरा पडला. मी काही बोललो नाही. मग सूर लागला.

एक गोष्ट हातात ठेवा: आवाजाची खुंटी. गिऱ्हाइकाला "जरा मोठा करून बघू" म्हणायचा हक्क आहे, पण खुंटी तुम्हीच फिरवा. छोटा ॲम्प्लिफायर ताणला गेला की लहरींची टोकं कापली जातात आणि त्यातून तयार होणारे जादा वरचे सूर थेट ट्वीटरवर जातात. जास्त वॅटच्या ॲम्प्लिफायरपेक्षा कमी वॅटचा, पण कण्हणारा ॲम्प्लिफायर जास्त रिबन जाळतो. आणि चालू ॲम्प्लिफायरमध्ये वायर काढघाल करू नका, तो 'धप्' पट्टीला लागतो.

बांधणी

शक्य असेल तर गिऱ्हाइकाला स्वतः न्यायला बोलवा. देवास, उज्जैन, महूपर्यंत मी स्वतः पोचवून येतो. पेट्रोल लागतं, झोप लागते.

बाहेरगावी पाठवायचंच असेल तर ट्वीटर बॉक्समधून काढा आणि वेगळे बांधा. भोकावर प्लायचा तुकडा पितळी स्क्रूने बसवा. ट्वीटरच्या तोंडावर जाड पुठ्ठा ठेवून कडेने चिकटपट्टी लावा, आणि इथे नीट ऐका: प्लॅस्टिक घट्ट ताणून गुंडाळू नका. एका जोडीला मी पाऊस लागू नये म्हणून स्वयंपाकघरातली चिकटणारी फिल्म तोंडावरून करकचून गुंडाळली होती. घेणाऱ्याने ती झटक्याने ओढली, आत पोकळी झाली आणि पट्टी फिल्मच्या मागोमाग बाहेर. पैसे परत केले. चूक त्याची नव्हती.

पट्टी उभी राहील असाच ट्वीटर खोक्यात ठेवा आणि खोक्यावर चारही बाजूंनी वर दाखवणारा बाण काढा. दोन ट्वीटर एकमेकांना चिकटून नकोत, चुंबक एकमेकांना खेचून आपटतात. मधे चार बोटं थर्मोकोल. विमानाने जाणाऱ्या कुरिअरला मोठे चुंबक सहसा चालत नाहीत, तेव्हा बुकिंगच्या वेळीच विचारा आणि जमिनीवरून पाठवा. रिकामे बॉक्स जुन्या रजईत गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीत गेले तरी चालतात, कोपऱ्यांना तेवढा पुठ्ठा.

बांधायच्या आधी वाजत असलेल्या जोडीचा सलग व्हिडिओ काढा, मागचे नंबर दिसतील असा. पैसे पूर्ण आल्यावर, बँकेच्या खात्यात दिसल्यावर, मगच खोका हलवा. फोनवर आलेल्या पैसे जमा झाल्याच्या मेसेजवर जाऊ नका.

आणि मग फोन येतो

आठ दिवसांत गिऱ्हाइकाचा फोन येणार हे धरून चाला. "तुमच्याकडे होता तसा बेस इथे नाही." घाबरू नका आणि लगेच खोलीला दोष देऊ नका. आधी विचारा, एका स्पीकरच्या मागची लाल-काळी वायर उलटी तर नाही लागली? एक वूफर पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना खातात. ॲम्प्लिफायर बंद करायला लावा, एकाच बाजूची अदलाबदल करायला लावा, आणि फोन चालू ठेवा. तिकडून मारवा परत सुरू होईपर्यंत थांबा.